त्या किनाऱ्यावर चित्रकलेच्या बाईंचं काय काम?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. एटीडी (चित्रकला शिक्षकांची पदविका) करताना रेन्वा, मातीस, पिकासो यांची चित्रं पुस्तकात पाहिली, तीही बहुतेक काळी-पांढरी. ही माणसं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन राहिली, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता मुलगा म्हणतो, आईबाबा, युरोपला जाऊन या. सहल कंपनीच्या बारा दिवसांच्या कार्यक्रमात या किनाऱ्याला अर्धा दिवस आहे: नीसमध्ये फोटो, एक अत्तराचा कारखाना आणि मोनॅको. यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणतात, तो कोट्यधीशांचा किनारा, त्यांच्या बोटी बघायला आपण एवढे पैसे का घालायचे? आम्ही शाकाहारी. माझे गुडघे दुखतात, आणि बोटं आखडतात म्हणून कित्येक महिन्यांत ब्रश हातात धरलेला नाही. तिथे खरंच माझ्यासाठी काही आहे का? की अर्धा दिवस पुरे?"

नमस्कार बाई,

सरळ उत्तर आधी देते. जा, आणि अर्ध्या दिवसासाठी जाऊ नका. अर्ध्या दिवसात तुम्हाला यजमान म्हणतात तोच किनारा दिसेल, बोटींचा आणि हॉटेलांचा, कारण बसच्या खिडकीतून तेवढाच दिसतो. तुम्हाला जे बघायचंय ते रस्त्यापासून थोडं आत, चढावर, लहान घरांत आणि प्रार्थनामंदिरांत आहे. बारा दिवसांत चार-पाच देश उरकण्यापेक्षा आठ-नऊ दिवस या एका किनाऱ्याला द्या.

तुमच्या पत्रातलं बोटं आखडण्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात रेन्वाच्या घरापासून करते.

नीसच्या पश्चिमेला कान्य-स्यूर-मेर नावाचं गाव आहे. (चित्रपट महोत्सवाचं कान निराळं, तिकीट काढताना पूर्ण नाव बघा.) तिथल्या टेकडीवरची 'ले कोलेत' ही जागा रेन्वाने 1907 मध्ये विकत घेतली. तिथल्या जुन्या ऑलिव्हच्या झाडांवर कुऱ्हाड पडणार होती, ती वाचावीत हा एक हेतू होता; दुसरं कारण त्याचा संधिवात. उबदार हवेत दुखणं सुसह्य होईल म्हणून तो दक्षिणेत आला होता. शेवटची काही वर्षं तो चाकाच्या खुर्चीत होता. बोटं तळव्याकडे वळून घट्ट झाली होती. कातडी सोलवटू नये म्हणून हाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि कुणीतरी ब्रश त्या बोटांत बसवून द्यायचा. असा तो 1919 मध्ये, 78व्या वर्षी, जाईपर्यंत रंगवत राहिला. मातीकाम त्या हातांना शक्य नव्हतं, तेव्हा रिशार गीनो नावाच्या तरुण शिल्पकाराला शेजारी घेऊन, सूचना देत देत त्याने शिल्पंही करून घेतली. त्याचं घर आता संग्रहालय आहे. मोठी चित्रं जगभर गेली, इथे मोजकीच आहेत, पण त्याची काम करायची खोली आहे, खुर्ची आहे, बाहेर ती ऑलिव्हची झाडं आहेत. त्या झाडांखाली एक अख्खी सकाळ काढा. घाई करून येण्याची ही जागा नाही.

आणि एक विनंती. निघण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना बोटं दाखवा. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बोटं आखडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातल्या काहींवर आज चांगले उपचार आहेत. रेन्वाच्या वाट्याला ते आले नाहीत.

आता मातीस. तो 1917 च्या डिसेंबरात नीसला आला, तेव्हा पाऊस थांबेना. कंटाळून परत निघायच्या बेतात होता, तेवढ्यात वारा सुटला, ढग पांगले आणि तिथला उजेड त्याला दिसला. 1954 मध्ये त्याचा मृत्यूही नीसमध्येच झाला. 1941 मध्ये त्याच्या आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. वाचला, पण त्यानंतर ईझलपुढे फार वेळ उभं राहणं जमेना. मग त्याने अपारदर्शक जलरंग फासलेले कागद कात्रीने कापायला सुरुवात केली. मदतनिसांनी ते आकार भिंतीवर टाचणीने लावायचे, हा पलंगावरून किंवा खुर्चीतून सांगणार, "थोडं वर, थोडं डावीकडे." वर्गात आपण मुलांकडून कागदकाम करून घेतो, त्याच साधनांतून या माणसाने उतारवयात चित्रकलेचं नवं दालन उघडलं.

त्या आजारपणात त्याची शुश्रूषा करायला एक तरुण मुलगी आली होती. पुढे ती नन म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी झाली आणि वांस या डोंगरावरच्या गावात राहू लागली. तिच्या मठाला लहान प्रार्थनामंदिर हवं होतं. मातीसने ते काम अंगावर घेतलं आणि जवळजवळ चार वर्षं त्यातच घालवली. खिडक्या, भिंती, मेणबत्त्यांचे दांडे, धर्मगुरूंचे झगे, सगळं त्याने स्वतः योजलं. 1951 मध्ये ते पूर्ण झालं. मोठ्या आकृत्या काढताना तो लांब बांबूच्या टोकाला ब्रश किंवा कोळसा बांधायचा. आपल्या कामातली ही सर्वोत्तम कृती, असं तो स्वतः म्हणत असे.

आत गेलात की आधी खिडक्यांकडे बघू नका, जमिनीकडे बघा. खिडक्यांत फक्त तीन रंग आहेत: निळा, हिरवा आणि लिंबासारखा पिवळा. समोरच्या भिंती पांढऱ्या चकाकत्या फरशांच्या आणि त्यावर काळ्या रेषांतली चित्रं. संत डॉमिनिकच्या चेहऱ्याला डोळे-नाकही नाही. ऊन सरकतं तसे ते तीन रंग पांढऱ्यावर सरकत जातात आणि काळ्या रेषेला मिळतात. सकाळी जा, ऊन खिडकीतून आत येत असताना. हे कुठल्याही पुस्तकातल्या छपाईत येत नाही, रंगीत छपाईतसुद्धा नाही, आणि तुम्ही इतकी वर्षं काळ्या-पांढऱ्या चित्रांवर भागवलंत म्हणून मला वाटतं, दुसरं काही राहिलं तरी चालेल, हे राहू नये. आत फोटो काढू देत नाहीत. ग्रेड परीक्षेला मुलांना स्मरणचित्राची तयारी तुम्हीच करून घेतली असेल, तेच करा. अर्धा तास नीट बघा, बाहेर येऊन बाकावर बसा आणि कागद काढा. मंदिर आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं आणि वेळही थोडीच असते, तेव्हा नीसहून बस धरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करा.

त्याच बाजूला सँ-पॉल-द-वांस आहे. गाव देखणं आहे, पण गल्ल्या दगडी, चढाच्या आणि गर्दीच्या. तुमच्या गुडघ्यांना मी तिथे फिरवणार नाही. गावाबाहेर माएग प्रतिष्ठान आहे, तिथे मात्र टॅक्सी करून जाच. एमे आणि मार्गरित माएग या दांपत्याचा लहान मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या दुःखातून, चित्रकार मित्रांच्या आग्रहावरून, त्यांनी ही वास्तू उभारली. 1964 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पाइनच्या झाडीत मिरोच्या शिल्पांची वळणावळणाची बाग आणि जाकोमेतीच्या काटकुळ्या माणसांचं अंगण आहे. शिल्पं उघड्यावर, उन्हात आहेत. तुमच्या यजमानांना चित्रांचं वावडं असेल तरी ही जागा आवडेल असा माझा अंदाज आहे.

नीसमध्येच, सिमिएझ या उंच भागात, मातीसचं संग्रहालय लाल भिंतींच्या जुन्या बंगल्यात आहे. भोवती ऑलिव्हची बाग, शेजारी रोमन अवशेष, थोडं पुढे तो जिथे विसावलाय ती दफनभूमी. तिथे बसने चढा आणि उतारावर शागाल या चित्रकाराच्या संग्रहालयाशी थांबा. हे 1973 मध्ये, शागाल हयात असतानाच, सुरू झालं. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर हे त्यानेच ठरवलं. बायबलवरची सतरा मोठी चित्रं आहेत, त्यातली पाच प्रेमगीतांवरची, सगळी लाल-गुलाबी, एका निराळ्या खोलीत. बायबल माहीत असायची गरज नाही. पुढे सभागृह आहे, त्याच्या निळ्या काचांसमोर खुर्च्या आहेत, तिथे गुडघ्यांना विश्रांती द्या.

पिकासोसाठी आंतीबला जा. 1946 च्या शरद ऋतूत समुद्राच्या तटावरच्या ग्रिमाल्दी किल्ल्यात त्याला काम करायला जागा मिळाली. युद्ध नुकतंच संपलेलं, कॅनव्हास आणि तैलरंग मिळेनात. मग त्याने प्लायवूड आणि सिमेंटचे पत्रे घेतले, बोटींना लावायचा रंग घेतला आणि दोन महिने धडाक्याने काम केलं. बोकड, बासऱ्या, मासे, समुद्री साळिंदर, नाचणाऱ्या आकृत्या, सगळी आनंदाची चित्रं. जी चित्रं तिथे ठेवून तो गेला ती त्याच खोल्यांत आहेत आणि खिडकीतून तोच समुद्र दिसतो. ग्रामीण शाळेत सामान नसताना चित्रकला शिकवलेल्या माणसाला ही खोली अधिक कळेल. पायऱ्या आहेत, सावकाश चढा.

तुम्ही महाराष्ट्रातल्या कलाशिक्षणातून आलात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, 1950 मध्ये फ्रान्सला गेले आणि 2010 मध्ये कायमचे भारतात परतले. मधल्या काळात त्यांचं आणि त्यांच्या चित्रकार पत्नीचं, जानीन मोंजिला यांचं, एक घर माँतोंच्या मागे डोंगरात गोर्बियो या खेड्यात होतं. उन्हाळे तिथे जायचे, तिथे ते रंगवायचे. म्हणजे मुंबईत शिकलेल्या चित्रकाराने या किनाऱ्यावर आधीच आपलं घर केलेलं आहे. माँतोंला जाल तेव्हा त्या डोंगरांकडे बघाच. माँतों इटलीच्या हद्दीला लागून आहे, लिंबांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली लिंबं आपल्या कागदी लिंबापेक्षा बरीच मोठी. नगरपालिकेच्या विवाहाच्या दालनात जाँ कॉक्तो या फ्रेंच कवी-चित्रकाराने 1957-58 मध्ये भिंती आणि छत रंगवलंय. लग्नं लागतात त्याच दालनात हे बघायला मिळतं. याच कॉक्तोने व्हिलफ्रांशच्या बंदरावरचं कोळ्यांचं लहानसं प्रार्थनामंदिर रंगवलं. त्याआधी तिथे मासेमारीची जाळी ठेवत असत.

यजमानांना काय सांगायचं? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कोट्यधीश तिथे आहेत, बोटीही आहेत. पण नीसच्या समुद्रालगतचा तो प्रसिद्ध हमरस्ता, इंग्रजांच्या नावाचा, कसा सुरू झाला ते त्यांना सांगा. 1820 च्या सुमारास कडाक्याच्या थंडीने तिथली फळबाग मारली गेली, माणसं उपाशी पडली. हिवाळ्यात हवापालटाला आलेल्या इंग्रजांनी वर्गणी काढली आणि त्या माणसांना रोजगार मिळावा म्हणून समुद्राकाठची पायवाट बांधायला घेतली. आज त्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणीही बसावं, पैसे लागत नाहीत. नीसचा किनारा वाळूचा नाही, दगडगोट्यांचा आहे, चालताना गुडघ्यांना त्रास होईल. त्यापेक्षा खुर्चीत बसून समुद्र बघा. जुन्या शहराच्या डोक्यावरच्या किल्ल्याच्या टेकडीवर जायला मोफत लिफ्ट आहे, तीच वापरा.

वर्कशॉपमधल्या माणसाला आवडेल अशी खरी गोष्ट म्हणजे तिथली रेल्वे. 1860 च्या दशकात डोंगराचा खडक फोडून बोगद्यांमधून ती नेली. 1864 मध्ये नीसला पोचली, 1868 मध्ये मोनॅकोला. आजही साध्या लोकल गाडीने कान, आंतीब, कान्य, नीस, व्हिलफ्रांश, मोनॅको, माँतों अशी सगळी गावं होतात, आरक्षण लागत नाही. नीसहून पूर्वेला जाताना उजव्या खिडकीशी बसा, पश्चिमेला जाताना डाव्या. नीस ते माँतों पाऊण तासाच्या आत. गर्दीत पर्स पुढे धरा, पाकीटमार आहेत. रेल्वेचा संप असेल तर तो आधी जाहीर होतो, आदल्या रात्री बघून ठेवायचं. मोनॅकोत यजमानांना 1910 पासूनचं समुद्रविज्ञान संग्रहालय दाखवा. कड्याच्या टोकावर बांधलंय, तळघरात मत्स्यालय आहे. बाकी मोनॅकोत माझं मन रमत नाही. कानमध्ये महोत्सवाच्या पायऱ्यांचा फोटो निघतो, त्यासाठी दिवस घालू नका. सँ-त्रोपेला रेल्वेच नाही, रस्त्यावर तासन्तास जातात, ते सोडा.

म्हणून मुक्काम एकच ठेवा, नीसमध्ये, रेल्वे स्टेशनच्या किंवा ट्रामच्या जवळ, आणि स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या. रोज बॅगा भरायला नकोत. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. रोज एकच चित्रांची जागा, सकाळी. दुपारी झोप किंवा समुद्र. एका दिवसात तीन संग्रहालयं केलीत तर संध्याकाळी तिन्ही एकमेकांत मिसळतील. मातीस आणि शागाल एकाच उतारावर आहेत म्हणून तेवढेच एका दिवशी. मातीस, शागाल आणि रेन्वा ही तिन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात, आंतीबचं सोमवारी. आठवडा आखताना हे आधी मांडून घ्या.

खाण्याची काळजी आहे, पण उपासमार होणार नाही. नीसचा खास पदार्थ सोक्का, हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊच. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, दुधी-भोपळ्याच्या जातीची भाजी, एकत्र शिजवलेली. पण कांद्याचा पाव दिसतो त्यात बारीक खारवलेले मासे असतात, नीसच्या सॅलडमध्येही मासे, आणि भरल्या भाज्यांत बहुधा मांस. मागवताना "सां व्हियांद, सां प्वासों" म्हणा: मांस नको, मासे नकोत. दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणा. ते न म्हणता थेट विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि म्हटलंत तर पुढचं इंग्रजी खपून जातं. कूर सालेया नावाच्या चौकात सकाळी भाजी-फुलांचा बाजार भरतो, सोमवारी त्याऐवजी जुन्या वस्तूंचा. भाजी तिथून घ्या, भात-आमटी खोलीवर करा. तूरडाळ आणि मसाला बरोबर न्या.

जायचं सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसणार नाही. मेमध्ये कानचा महोत्सव असतो आणि मे-जूनमध्ये मोनॅकोच्या मोटारशर्यती, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. उशिरा ऑक्टोबरात पाऊस झोडपू शकतो.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा), अर्ज फ्रान्ससाठी, मुंबईत किंवा पुण्यात देता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. प्रौढांचं शुल्क 90 युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. दोघांना जुनी दुखणी असतील तर ती विम्यात धरलीत की नाही ते एजंटला लेखी विचारा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र आणि बँकेची कागदपत्रं जोडा. निवृत्तिवेतनाचा दाखलाही द्या.

सामानात जलरंगाची लहान पेटी, एक जाड दांड्याचा ब्रश आणि बोथट टोकाची कात्री टाका. कात्री मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नको. जाड दांडा आखडलेल्या बोटांना धरायला सोपा जातो. ब्रशच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून घरीच जाड करता येतो, आजपासून करून बघा.

आणि दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून तारखा बघा. परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिन्यांची मुदत उरलेली हवी आणि दोन कोरी पानं. मुदत कमी असेल तर या आठवड्यातच नूतनीकरणाला टाका.

तुमची,
ताई